जहाजाच्या मॉडेलचे दोर: जाडी, पीळ आणि नागपूरची हवा

शिडाच्या जहाजाचं मॉडेल खरं वाटतं की खेळण्यासारखं, हे बहुतेक वेळा त्याचे दोर ठरवतात. फळ्या कितीही नीट बसवा, घासून काचेसारख्या करा. त्यावर केसाळ आणि गरजेपेक्षा दुप्पट जाड धागा ताणला की सगळी मेहनत झाकली जाते. किटच्या खोक्यात बहुधा दोन-तीन जाडीचे धागे येतात. खऱ्या जहाजावर मनगटाहून जाड दोरापासून करंगळीपेक्षा बारीक दोरीपर्यंत कितीतरी आकार असत. ती चढती-उतरती जाडी दिसली तरच मॉडेलचा आवाका मोठा वाटतो. म्हणून किटमधला धागा सरावासाठी बाजूला ठेवा आणि दोर स्वतः निवडा. जमल्यास स्वतः वळा.

आधी दोन जाती ओळखून घ्या. डोलकाठी जागेवर धरून ठेवणारे दोर कायमचे बांधलेले असतात. त्यांना स्टँडिंग रिगिंग म्हणतात. त्यात डोलकाठीच्या दोन्ही बाजूंना शिडीसारखे उतरणारे श्राउड आणि पुढे-मागे ताणलेले स्टे येतात. पाण्याने कुजू नयेत म्हणून त्यांना पाइनच्या लाकडाचं डांबर लावत, त्यामुळे ते गडद तपकिरी ते काळपट दिसतात. शिडं आणि आडव्या काठ्या ओढण्यासाठी कप्प्यांतून फिरणारे दोर म्हणजे रनिंग रिगिंग. त्यांचा रंग अंबाडीच्या वाळलेल्या धाग्यासारखा फिकट. मुंबईच्या गोदीत बांधून १८१७ साली पाण्यात सोडलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी फ्रिगेट (मध्यम आकाराची युद्धनौका) आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला जपून ठेवलेलं आहे. त्याचे फोटो मोठे करून बघा. कोणता दोर कुठून निघतो आणि कुठे बांधला जातो, हे समजायला ते फार उपयोगी पडतात. आपल्या गोदीतलं जहाज म्हणून मॉडेलसाठी निवडायलाही ते उत्तम आहे.

जाडीचं गणित

नवख्यांची सर्वांत मोठी चूक इथे होते. जुन्या कागदपत्रांत आणि रिगिंगच्या तक्त्यांत दोराचा आकार इंचात दिलेला असतो, पण तो व्यास नसतो, परिघ असतो. परिघालाच व्यास समजलं की दोर तिपटीहून जाड होतो.

सोपं सूत्र असं: इंचातल्या परिघाला ८.१ ने गुणा आणि मॉडेलच्या प्रमाणाने भागा (१:६४, म्हणजे मॉडेल खऱ्याच्या चौसष्टाव्या भागाइतकं असेल तर ६४ ने). उत्तर थेट मिलिमीटरमधला व्यास येतं. १४ इंची मुख्य स्टे १:६४ प्रमाणात १४ × ८.१ ÷ ६४, म्हणजे साधारण १.७७ मिमी. तोच १:९६ ला १.१८ मिमी.

तक्ता हाताशी नसेल तर अठराव्या शतकातल्या युद्धनौकांसाठी एक ढोबळ साखळी चालते. मुख्य डोलकाठीच्या सर्वांत जाड भागाचा व्यास घ्या. त्याच्या निम्म्या आकड्याइतका मुख्य स्टेचा परिघ. श्राउड त्या स्टेच्या साधारण ०.६ पट. श्राउडच्या टोकाला तीन भोकांच्या गोल लाकडी चकत्या असतात, त्यांना डेडआय म्हणतात. दोन डेडआयमधून ओवलेली ताणदोरी, म्हणजे लॅनयार्ड, श्राउडच्या निम्मी. २८ इंची डोलकाठी आणि १:६४ प्रमाण धरलं तर स्टे १.७७, श्राउड १.०६, लॅनयार्ड ०.५३ मिमी. श्राउडवरच्या आडव्या पायऱ्या, म्हणजे रॅटलाइन, दीड इंच परिघाच्या धरल्या तर ०.१९ मिमी. त्यांच्यातलं अंतर खऱ्या जहाजावर १३ ते १५ इंच असे. १:६४ ला ते साडेपाच मिमीच्या आसपास येतं.

हिशोबाची जाडी नेमकी मिळाली नाही तर नेहमी बारीक बाजूला झुका. जरासा बारीक दोर कुणाच्या लक्षात येत नाही, जरासा जाड दोर लगेच खुपतो.

धाग्याची जाडी मोजायला महाग कॅलिपर लागत नाही, उलट कॅलिपरच्या जबड्यात धागा दबतो आणि आकडा कमी येतो. पेन्सिलीवर धागा एकाला एक चिकटवून, पण न दाबता, १० मिमी रुंदीभर गुंडाळा आणि वेढे मोजा. २० वेढे बसले तर धागा ०.५ मिमीचा, ५० बसले तर ०.२ मिमीचा. प्रत्येक रिळावर ही जाडी लिहून चिठ्ठी चिकटवा, महिन्याभराने ०.२ आणि ०.२५ मधला फरक नुसत्या डोळ्याला कळत नाही.

पिळाची दिशा

धागा उभा धरा. पेडांच्या रेषा खाली डावीकडून वर उजवीकडे जात असतील, म्हणजे ( / ) अशा, तर तो उजवा पीळ. उलट जात असतील तर डावा. जहाजावरचे बहुतेक साधे दोर तीन पेडी आणि उजव्या पिळाचे. असे तीन दोर घेऊन पुन्हा उलट, डावीकडे वळले की तयार होतो केबल. नांगराचे जाड दोर असेच वळलेले असत, आणि मोठ्या जहाजांचे मुख्य स्टेही बऱ्याचदा तसेच.

मॉडेलवर पिळाची दिशा कोण बघतं, असं वाटेल. १:६४ च्या स्टेवर ती सहज दिसते. शेजारी-शेजारी दोन श्राउड वेगवेगळ्या पिळाचे असतील तर काहीतरी चुकलंय हे दोर न कळणाऱ्यालाही जाणवतं.

शिलाई मशीनचा धागा बहुधा उजव्या पिळाचाच असतो. दोर वळण्याचा नियम असा की प्रत्येक टप्प्यावर पीळ उलटा व्हायला हवा, तरच पेड एकमेकांना धरून ठेवतात. त्यामुळे शिलाईचे तीन सुटे धागे नुसते एकत्र वळले तर नीट बसणारा दोर डावा निघतो. उजवा दोर हवा असेल तर मधला टप्पा घालावा लागतो: धागा उजवा, दोन-तीन धाग्यांचा पेड डावा, तीन पेडांचा दोर उजवा. म्हणून प्रत्येक पेडात किमान दोन धागे घ्या.

धागा कोणता, कुठून

नायलॉन नको. ते ताणलं की लांबतं आणि सैल पडत राहतं. रेशीम दिसतं सुंदर, पण उजेडात लवकर कमजोर होतं. पतंगाची सद्दी स्वस्त आणि हाताशी असली तरी केसाळ. वळण्याच्या सरावाला ती चालेल. मांजा मात्र काचेमुळे अजिबात नको.

उरले पॉलिस्टर आणि सूत. पॉलिस्टरमध्येही दोन प्रकार आहेत. आखूड तंतूंपासून कातलेला नेहमीचा शिलाई धागा जवळून केसाळ दिसतो. अखंड तंतूंचा धागा गुळगुळीत असतो, पण त्यातला काही खूप चमकतो. आपल्याला हवा गुळगुळीत आणि चमक नसलेला. नागपूरच्या इतवारी-गांधीबाग भागात शिलाईचं सामान विकणाऱ्या दुकानांत किंवा सीताबर्डीवर गेलात तर “भाऊ, बारीक, बिनचमकीचा पॉलिस्टर दाखवा” एवढ्यावर थांबू नका. रिळाचा एक हात धागा उलगडून दाराशी उजेडात नेऊन बघा. धाग्याभोवती पांढुरकं वलय दिसलं तर तो केसाळ. सुती हवा असेल तर मर्सराइज केलेला (क्षाराची प्रक्रिया करून गुळगुळीत केलेला) क्रोशे किंवा भरतकामाचा धागा घ्या. त्यावर केस कमी असतात.

रंग चार पुरेत: गडद तपकिरी, जवळजवळ काळा, फिकट मातकट आणि मध्यम तपकिरी. कोळशासारखा काळा कुठेच वापरू नका. लहान प्रमाणात तो छिद्र पाडल्यासारखा दिसतो. डांबराचा रंग दाखवायला गडद तपकिरी जास्त खरा वाटतो. एका रंगाचा धागा पूर्ण जहाजाला पुरेल इतका एकदमच घ्या, कारण पुढच्या खेपेला तीच छटा मिळेल याचा भरवसा नाही.

सुती धागा घरी रंगवायचा झाल्यास कपड्याचा पक्का रंग वापरा आणि शेवटी पाणी स्वच्छ येईपर्यंत खळखळून धुवा. चहाच्या पाण्याने छान मातकट छटा येते, पण त्यातलं आम्ल धाग्यात राहून वर्षांनी तो ठिसूळ होतो. पॉलिस्टर घरच्या रंगात नीट रंगत नाही, ते रंगीतच विकत घ्या.

दोर वळण्याचं साधन

सागाची किंवा प्लायची दीड-दोन मीटर लांब, १० सेंमी रुंद सरळ पट्टी घ्या. एका टोकाला उभी फळी ठोका. तिच्यात एक मधलं दातेरी चाक आणि त्याभोवती सारख्या आकाराची तीन चाकं. प्रत्येक बाहेरच्या चाकाच्या आसाला एक हुक. मधलं चाक हाताने किंवा कमी वेगाच्या गिअर-मोटारीने फिरवलं की तिन्ही हुक सारखेच फिरतात. हा सारखेपणाच साधनाचा जीव आहे, म्हणून तीन हुक हाताने वेगवेगळे फिरवण्याचा प्रयत्न करू नका.

दुसऱ्या टोकाला पट्टीवर सरकणारी छोटी गाडी, तिच्यावर बेअरिंगमध्ये मोकळा फिरणारा एकच हुक. गाडीला मागे दोरी बांधून ती कप्पीवरून खाली सोडा आणि टोकाला वजन लटकवा. ०.२ मिमीच्या सहा धाग्यांना २०० ग्रॅमच्या आसपास पुरतं. तराजूवर मोजून पुडीत भरलेले तांदूळ चालतात.

शेवटचा भाग म्हणजे भोवरा: सुपारीएवढा लाकडी शंकू, बाजूंना सारख्या अंतरावर तीन खाचा. पेड या खाचांतून जातात आणि भोवऱ्याच्या निमुळत्या टोकाशी एकत्र येऊन दोर बनतात. खाचा पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, नाहीतर धागा अडकून दोराला गाठी पडतात.

आता वळणं. १.५ मीटर अंतरावर प्रत्येक हुकात दोन-दोन धागे सारखे ताणून बांधा. दुसरी टोकं सगळी मिळून गाडीच्या हुकाला. एक धागा जरी ढिला राहिला तरी तो पेड बाकीच्यांवर चढून दोर स्क्रूसारखा वाकडा होतो, आणि नंतर काही करून तो सरळ होत नाही. टिचकी मारून सगळ्यांचा आवाज सारखा येतो का ते बघा.

भोवरा गाडीजवळ, निमुळतं टोक गाडीकडे करून लावा आणि गाडीचा हुक घट्ट धरून ठेवा. हुकांच्या मागे उभं राहून बघितलं तर तिन्ही हुक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरले पाहिजेत. असा पेडाला डावा पीळ बसतो. मधलं चाक अर्थातच उलट फिरेल. फेरे मोजण्यापेक्षा गाडीकडे लक्ष ठेवा. पीळ बसतो तशी ती पुढे ओढली जाते. १५ सेंमी पुढे आली, म्हणजे लांबी दहा टक्के घटली, की थांबा.

मग गाडीचा हुक मोकळा सोडा आणि समोरचे हुक फिरवणं चालू ठेवा. गाडीचा हुक आपोआप फिरू लागतो, दोर बनू लागतो आणि भोवऱ्याला पुढे ढकलतो. त्याला हाताने हलकेच आवरा. तो फार वेगाने सरकला तर पीळ सैल, फार रोखला तर घट्ट आणि ताठ. संपूर्ण लांबीत वेग एकसारखा ठेवणं हेच खरं कौशल्य, आणि ते पाच-सहा दोर वाया घालवल्याशिवाय येत नाही. सरावाला सद्दी वापरा.

भोवरा हुकांपर्यंत पोचला की गाडीच्या हुकाला दोराच्या पिळाच्या दिशेने आणखी पाच-दहा फेरे द्या. दोन्ही टोकं धाग्याने करकचून बांधा, नंतरच कापा. बांधण्याआधी कात्री लावली तर क्षणात सगळा दोर उलगडतो. दीड मीटर धाग्यातून १.०५ ते १.१ मीटर दोर मिळतो. खरेदीचा हिशोब त्यानुसार करा.

०.२ मिमीच्या सहा धाग्यांचा हा दोर ०.५५ ते ०.६ मिमीचा निघेल. जाडी धाग्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने वाढते. तीन धाग्यांचा दोर ०.४ मिमीचा असेल तर सहाचा ०.५७, नऊचा ०.७ आणि बाराचा ०.८. म्हणजे जाडी दुप्पट करायला धागे चौपट लागतात. १.५ मिमीच्या आसपासचा दोर हवा असेल तर ०.७ मिमीचे तीन तयार दोर घेऊन, हुक उलट दिशेने फिरवून, केबल वळा.

पीळ समतोल आहे का, हे तपासायला वीतभर दोर एका टोकाला धरून लोंबता सोडा. तो उलगडू लागला तर दोराचा पीळ जास्त झाला. स्वतःच आणखी आवळत गेला तर पेडांचा पीळ जास्त. जिथल्या तिथे शांत लटकला तर जमलं.

दोर पक्का करणं

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, ही म्हण आपल्या दोराला लागू पडली पाहिजे: कुठेही कापला तरी पीळ जागेवर राहावा. त्यासाठी पॉलिस्टरचा दोर दोन खिळ्यांत ताणून त्यावर इस्त्रीची किंवा किटलीची वाफ दोन-तीनदा फिरवा आणि ताणातच गार होऊ द्या. सुती दोर ओला करून, वजन लावून रात्रभर लटकवा.

केस राहिले असतील तर सुती दोर स्पिरिटच्या दिव्यावरून झरकन ओढून घ्या, मग ओल्या फडक्याने पुसा. पॉलिस्टरवर हे करू नका, तो वितळून मण्यांसारखे गोळे होतात. पॉलिस्टरला जाड खाकी कागदाच्या घडीत धरून आठ-दहा वेळा ओढलं की केस दबतात.

मधमाश्यांचं मेण लावायचं तर अगदी थोडं. मेणाच्या खड्यावरून दोर एकदाच ओढा, हेअर ड्रायरने गरम करून आत मुरवा आणि जास्तीचं कापडाने पुसून काढा. पृष्ठभागावर राहिलेलं मेण धूळ धरतं, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात खिडकीतून येणारी धूळ काही थोडी नसते. हे मेण ६२–६४ अंशांना वितळतं, मऊ त्याच्या बरंच आधी होतं. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत मॉडेल ठेवू नका.

टोक बारीक भोकातून ओवायला दोराचा शेवटचा सेंटिमीटर पातळ फेविकॉलमध्ये, निम्मं पाणी घालून, बुडवा. वाळला की नव्या ब्लेडने तिरका कापा. सुईसारखं टोक मिळतं. गाठींनाही हेच मिश्रण लावा. फेविक्विकसारखा झटपट डिंक मोहात पाडतो, पण तो धागा ठिसूळ करतो, पांढरा डाग सोडतो, आणि चूक झाली तर गाठ सुटत नाही. फेविकॉलची गाठ पाण्याने भिजवून सोडवता येते.

सर्वांत पुढच्या श्राउडला शिड घासत असे, म्हणून त्यावर पूर्ण लांबीभर बारीक दोरी गुंडाळत. बाकीच्या श्राउडवर डोलकाठीच्या माथ्याशी आणि डेडआयभोवती तेवढीच. मॉडेलवर यासाठी ०.१ मिमीचा पॉलिस्टर पुरतो. तो गुंडाळताना श्राउडचा दोर दोन्ही टोकांनी एकाच वेळी फिरला पाहिजे, नाहीतर त्याचा स्वतःचा पीळ सुटतो.

नागपूरची हवा

समुद्रकाठच्या माणसाला या भागाची तितकी गरज पडत नाही. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि दुपारची हवा हाडासारखी कोरडी असते; जूनच्या मध्यानंतर तीच हवा दमट होते. सूत हवेतली ओल आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास धरून ठेवतं, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. ओल शोषली की सुताचे तंतू फुगतात, पीळ आवळतो आणि दोर आखूड होतो. कोरडा पडला की पुन्हा सैल. म्हणजे जुलैत नेटका ताणलेला सुती स्टे मे महिन्यात झोळीसारखा लोंबतो, आणि मे महिन्यात ताणलेला जुलैत बारीक डोलकाठी वाकवतो. लाकूडही हलतं, पण लांबीच्या दिशेने अगदी थोडं. दोष बहुतेक वेळा दोराचाच असतो.

त्यात कूलर. खोली गार वाटते, पण कूलर पाणीच हवेत सोडतो. कूलरच्या झोतात बसून सुती दोर ताणले तर कूलर बंद केल्यावर संध्याकाळपर्यंत ते ढिले पडतात, आणि नवखा आपल्या गाठींना दोष देत बसतो. म्हणून नागपुरात स्टँडिंग रिगिंग पॉलिस्टरचंच करावं, आणि ताणण्याचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. सूत वापरायचंच असेल तर ते डेकवर गुंडाळून ठेवलेल्या दोरांच्या वेटोळ्यांना वापरा. सूत पातळ फेविकॉलमध्ये भिजवून खिळ्यांवर आकार दिला की पॉलिस्टरपेक्षा नैसर्गिक लोंबतं.

श्राउड जोडीजोडीने चढतात: आधी उजव्या बाजूची पुढची जोडी, मग डाव्या बाजूची, असं आळीपाळीने. एक बाजू आधी पूर्ण केली तर डोलकाठी तिकडे झुकते आणि नंतर सरळ होत नाही. ताण बोटाने दाबून तपासा. सगळे श्राउड सारखे दबले पाहिजेत, पण डोलकाठी पट्टी लावून बघितली तर सरळच असायला हवी.

लॅनयार्डच्या शेवटच्या गाठी मात्र लगेच चिकटवू नका. सैलसर बांधून, टोकं दोन-तीन सेंमी लांब ठेवून, मॉडेल काचेच्या पेटीत पश्चिमेच्या खिडकीपासून दूर ठेवा. मे आणि जुलै हे दोन्ही महिने एकदा जाऊ द्या. त्यानंतर जो श्राउड ढिला किंवा आवळलेला दिसेल तेवढाच लॅनयार्ड सोडून पुन्हा ताणा, मग फेविकॉलचा थेंब लावा आणि टोकं कापा.